जिन्याखालचं कपाट

९ नोव्हेंबर २००२, यवत

दुपारी पोपटभाऊजी जीपमधून आत्याबाईंना सोडून गेले. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. लग्न होऊन केंदूरला गेले तेव्हा मी त्यांना 'आई' म्हणायला लागले, तर त्या म्हणाल्या होत्या, "आई तुझी खडकीला हाय. मला आत्या म्हण." तेव्हापासून आत्याबाई.

केंदूरचं जुनं घर पाडून भाऊजी तिथं स्लॅबचं घर बांधताहेत. "संक्रांतीपत्तुर एक खोली तरी निघंल, वहिनी. तवर आईला राहू द्या. मग लगीच नेतो." आत्याबाई ओट्यावर बसून ऐकत होत्या, जसं काही दुसऱ्याच कुणाबद्दल बोलणं चाललंय.

सामान एकच, एक मोठं गाठोडं. मी म्हटलं, "सोडा ते, कपाटात लावून देते." तर "राहू दे, आत्ताच आलेय," म्हणाल्या आणि ते कॉटवर उशाशी ठेवून दिलं.

माझे यजमान ईश्वर गेल्यापासून मी एकटीपुरता कुकर लावते आणि शिट्टी झाली की दचकते. आज दोघींचा लावला. बरं वाटलं. त्या इतक्या वर्षांत माझ्या घरी कधी एका मुक्कामापेक्षा जास्त राहिल्या नाहीत. या खेपेला राहतील का, संक्रांतीनंतरही? विचारायचा धीर होत नाही.

१२ नोव्हेंबर

आत्याबाईंना कपाटात जागा करून द्यायला हवी. गाठोडं उशाशी असल्यामुळे त्या पाय पोटाशी घेऊन झोपतात.

पण आमचं कपाट! घर बांधताना ईश्वरनी जिन्याखालची जागा वाया जाऊ द्यायची नाही असा हट्ट धरला. जन्मभर पाटबंधारे खात्यात काढलेला माणूस, पाणी असो की जागा, वाया गेलेली त्यांना बघवत नसे. झोपायच्या खोलीच्या भिंतीत, जिन्याच्या पोटात, तीन दारांचं लांब कपाट करून घेतलं. पहिलं दार उंच, जिन्याच्या वरच्या टोकाच्या पुढं आलेलं. त्याच्या वर गच्चीतली पाण्याची टाकी. तिथं दांडी आहे आणि दांडीला ईश्वरचे कपडे. दुसरं दार जिन्याच्या वरच्या पायऱ्यांखाली, तिथं मान वाकवावी लागते. ते माझं. तिसऱ्या दारापाशी जिना जमिनीला टेकतो. आत खोल, काळोखा त्रिकोण. आमचा मुलगा सुरज लहानपणी त्याला बोगदा म्हणायचा. गुडघे टेकून, अर्धं अंग आत घातल्याशिवाय मागची वस्तू हाताला लागत नाही. आकाशकंदील, बिघडलेला मिक्सर, सुरजचे क्रिकेटचे पॅड, सगळं तिथं जातं आणि विसरलं जातं.

बोगदा रिकामा करून आत्याबाईंना द्यायचा. नीट वापरला तर त्यात एका माणसाचा संसार मावेल.

१५ नोव्हेंबर

हौशीराम सुतार येऊन माप घेऊन गेला. हे कपाट मुळात त्याच्याच हातचं. मी त्याला कागदावर काढून दाखवलं: आत खोलवर जाणारा एकच लांब कप्पा, खाली चाकं, म्हणजे ओढला की अख्खा बाहेर येईल. वाकायला नको, चाचपडायला नको.

तो म्हणाला, "बाई, करतो की. पण म्हातारीला उंच दार बरं. सायेबांचा खण मोकळा केला तर..."

"तो भरलेला आहे."

"कशानं?"

"हौशीराम, माप घ्या."

त्यानं माप घेतलं.

शाळेच्या वसतिगृहात मला मिळालेल्या लॉकरचा खालचा कप्पा मोडका होता. दर शनिवारी सिस्टर बर्नाडेट लॉकर तपासायच्या. मी जुन्या पडद्याच्या पिशव्या शिवून त्या दाराच्या आतून टांगल्या होत्या. सिस्टर कितीतरी वेळ बघत राहिल्या, आणि मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. घरापासून लांब असलेल्या मुलीला तेवढा हात महिनाभर पुरतो. अजून कुठलीही अडगळीची जागा दिसली की मला तिचं काहीतरी करावंसं वाटतं.

२३ नोव्हेंबर

कप्पा आला. सागवानी, कडा गोल केलेल्या. हौशीरामनं एका बोटानं ओढून दाखवला. "बघा बाई, दौंड शटल. रुळावरनं ही आली, ही गेली!" आत्याबाईसुद्धा हसल्या.

मी विचारलं, "आवडलं का?"

"चांगलं हाय."

मग त्यांनी हात वर करून विचारलं, "ह्याच्या वर काय हाय?"

"जिना. भाडेकरूंचा."

"आन् त्या पयल्या दारावर?"

"पाण्याची टाकी."

त्यांनी मान हलवली. तेवढ्यात वरच्या खोलीतली सारिका चपला वाजवत धाडधाड खाली उतरली. आत्याबाईंनी मान वर करून तिचा आवाज शेवटच्या पायरीपर्यंत ऐकला.

गाठोडं काही सोडलं नाही. आवाजाचा त्रास होत असेल. म्हाताऱ्या माणसाला होतोच.

२८ नोव्हेंबर

सारिकाला जरा हळू उतरायला सांगितलं. तिचा नवरा कुरकुंभच्या कारखान्यात शिफ्टला जातो, त्यामुळे जिना वेळी-अवेळी वाजतो.

"अहो मॅडम, मी काय हत्ती हाय का?" पण पोर गुणी आहे. दोघींनी मिळून पायऱ्यांवर काथ्याची पट्टी ठोकली. आता अगदी कान दिला तरच पाऊल ऐकू येतं.

आत्याबाई तरी वर बघतातच.

मग मी बोगद्याच्या दाराच्या आतून वसतिगृहातल्यासारख्या, माझ्याच जुन्या पद्धतीच्या, पिशव्या शिवून टांगल्या. एकीत त्यांची तंबाखूची चंची, एकीत फणी. चंची त्यांनी कनवटीलाच ठेवली. पिशव्या लोंबताहेत. गुडघे फार दुखतात.

सुरजचा फोन होता. प्लॅस्टिकचे डबे पाठवतो म्हणाला, एकावर एक बसणारे. मी नको म्हटलं.

२ डिसेंबर

सकाळी दूध घेऊन आत आले तर आत्याबाई पहिलं दार उघडून उभ्या. ईश्वरच्या तपकिरी कोटाची बाही त्यांनी हातात धरली होती. रस्ता ओलांडताना मुलाचा हात धरावा तशी. मला बघून बाही सोडली.

"ह्याला वास कसला मारतोय गं?"

"डांबराच्या गोळ्यांचा. त्यानं कसर लागत नाही."

"त्याचा न्हाई येत," त्या म्हणाल्या आणि दार लावलं.

मला ते लागलं. मी दर आठवड्याला एक-एक कपडा झटकून, उन्हात धरून परत लावते. बटणं तुटली ती शिवली आहेत. दांडीवर एक शर्टसुद्धा दुसऱ्याला चेंगरत नाही. आणखी काय करायचं माणसानं?

नंतर त्या गेल्यावर मी कोटात तोंड घालून बघितलं. खरंच नाही येत.

११ डिसेंबर

चंपाषष्ठी झाली. खंडोबाच्या त्या दिवशी आत्याबाईंनी पहिल्यांदा गाठोडं सोडलं. आत दोन लुगडी, एक पितळी तांब्या आणि एक काळंभोर घोंगडं. पाटावर घोंगड्याची घडी, घडीवर देवाचा टाक, वर भंडारा उधळलेला. मी भाकरी, वांग्याचं भरीत आणि कांद्याची पात केली.

नैवेद्य दाखवून झाल्यावर आत्याबाई आपणच बोलायला लागल्या. "आमच्याच मेंढरांच्या लोकरीचं हाय. आम्ही तवा घरात न्हवतो राहात. मेंढरं, घोडी, बायकापोरं, सगळा वाडा चालायचा. आज हितं, उद्या तिथं. ईश्वर वाटंत झाला. आपटीच्या माळावर. ह्या घोंगड्यावरच."

मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं संसार केला त्या माणसाबरोबर. केंदूरहून परत आले की अंगाला घोंगड्याचा वास यायचा, आणि मी दारातच म्हणायची, "आल्या का मेंढ्या?" ते मुद्दाम जवळ येऊन उभे राहायचे.

मी म्हटलं, "आत्याबाई, आता सुटलंच आहे तर कपाटात ठेवू या ना."

"उशाशी बरं." आणि परत गाठ मारली. "आमच्यात मुक्काम पडल्याबिगर गाठोडं सोडत न्हाईत."

महिना झाला. अजून मुक्काम पडला नाही म्हणायचा.

१९ डिसेंबर

थंडी कडाक्याची. सकाळी आत्याबाई पाय पोटाशी घेऊन, गाठोड्याला डोकं लावून झोपलेल्या होत्या. एवढीशी झाली आहे बाई. मला बघवेना.

त्या सारिकाबरोबर देवळात गेल्या तेव्हा मी गाठोडं सोडलं. सगळं मान राखून केलं. घोंगड्यावरचा भंडारा कागदावर अलगद गोळा करून कुंकवाच्या चांदीच्या करंड्यात भरला, टाक आणि करंडा देव्हाऱ्यात ठेवला. घोंगड्याला डांबराची गोळी लावली नाही. कडुनिंबाचा पाला घातला, पांढऱ्या मलमलीत गुंडाळलं आणि हौशीरामच्या कप्प्यात ठेवलं. बाजूला लुगडी, तांब्या. अगदी नीट मावलं. जणू कप्पा त्याच्याच मापाचा केला होता. ढकलला तर आवाज न करता आत गेला.

आज त्यांना पाय पसरता येतील.

२० डिसेंबर

लिहायचं त्राण नाही, पण लिहून टाकते.

काल त्या देवळातून आल्या. रिकाम्या उशाकडं बघितलं. मी हसत कप्पा ओढून दाखवला. तेवढ्यात सारिकाचा नवरा शिफ्टहून आला, बूट घालून वर चढला. पट्टीमुळे आवाज फारसा नव्हता. आत्याबाई एकदम खाली बसल्या. एरवी एवढं वाकत नाहीत, त्या बसल्या. घोंगडं ओढून बाहेर काढलं, कपाळाला लावलं, आणि परत गाठोडं बांधलं. गाठ दातानं आवळली.

आज सकाळी म्हणाल्या, "पोपटला फोन लाव. न्यायला ये म्हणावं."

"त्यांची खोली झाली नाही अजून."

"मांडव हाय ना. मांडवात निजंन."

या थंडीत मांडव बरा, पण माझं घर नको. तिसरं दार रिकामं केलं, कप्पा केला, पिशव्या शिवल्या, जिन्याला पट्टी ठोकली. त्यांना मी तेव्हाही आपली वाटले नाही आणि आताही वाटत नाही. फार दमले आहे. दुपारी आडवी झाले ती दिवेलागणीपर्यंत उठलेच नाही. कुकर लावला नाही. दोघींनी सकाळची भाकरी दुधात कुस्करून खाल्ली.

२४ डिसेंबर

भाऊजींशी बोलले. रविवारी जीप घेऊन येतो म्हणाले.

आज दुपारी उन्हात दोघी ओट्यावर बसलो होतो. मला शाळेतला नाताळ आठवला आणि मी उगाच सांगत सुटले. आम्ही मुली गोठ्याचा देखावा करायचो. माझ्याकडं दरवर्षी मेंढ्या असायच्या. कापसाच्या, काडेपेटीच्या काड्यांचे पाय लावलेल्या.

आत्याबाईंनी कान टवकारले. "त्येंच्या देवाला बी मेंढरं लागत्यात व्हय?"

"देव गोठ्यात जन्मला ना. तो बघायला सगळ्यांत आधी मेंढपाळ आले."

"आपलीच मान्सं." त्यांना फार आवडलं. "आन् पोराच्या अंगाखाली काय हुतं?"

"गवत."

"गवत? थंडीचं? आन् एका बी धनगरानं घोंगडं दिलं न्हाई?"

मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी. म्हटलं, "तसं पुस्तकात नाही, आत्याबाई."

"पुस्तकात नसंल. दिलं असणार." मग समोर रस्त्याकडं बघत म्हणाल्या, "प्रतिभा, तू मन लावून केलंस. पर घोंगड्यावर देव बसतो आमचा. त्येला आम्ही पाय लागू देत न्हाई. आन् तू त्येला जिन्याखाली घातलंस. वरनं ती पोरगी चपला घालून जाती, तिचा नवरा बूट घालून जातो. देवाच्या डोस्क्यावरनं."

पट्टी. पट्टी ठोकली मी.

"मग सांगितलं का नाही मला?"

"काय सांगू? तिसरं दार जिन्याखाली. दुसरं बी जिन्याखाली. उरलं कोन्चं?" त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तिथं तो हाय. तुला कसं म्हणू, माझ्या लेकाला सरकव?"

सारिका दळण घेऊन आली आणि वर गेली. आम्ही दोघींनी वर बघितलं.

२६ डिसेंबर

काल दिवसभर पहिल्या दारासमोरून येत-जात राहिले. उघडलं नाही.

आज आंघोळ करून उघडलं. मला वाटत होतं, जागा करायची म्हणजे कपडे काढायचे, गाठोडी बांधायची, कुणाला तरी द्यायची. सारिकाच्या नवऱ्याच्या अंगावर ते शर्ट जिना चढताना दिसणार. म्हणून दांडीकडं मी कधी तशा नजरेनं बघितलंच नाही. पण मी कपडे इतके पैसपैस लावले होते! एकमेकांना शिवू नयेत असे. हातानं नुसते एकीकडं सारले. शर्टाला शर्ट टेकले. तपकिरी कोट शेवटी राहिला आणि त्याच्या पुढं दांडी मोकळी झाली. वीतभर, दोन वीत.

एवढीच जागा लागत होती.

खालच्या डांबराच्या गोळ्या वेचून टाकल्या. मग हाक मारली. "आत्याबाई, मुक्काम टाका."

त्या आल्या. दांडीकडं बघितलं, वर टाकीकडं बघावं तसं बघितलं. मग म्हणाल्या, "तुला चालंल?"

"त्यांना विचारा."

त्यांनी गाठ सोडली. मी हात पुढं केला तर म्हणाल्या, "राहू दे." आपणच टाचा उंचावून घोंगडं दांडीवर टाकलं, दोन्ही पदर सारखे केले, वरून हात फिरवला. घोंगडं कोटाला टेकलं.

"वळणीवर टाकायचो असंच," त्या म्हणाल्या. "वास घे आता."

मी घेतला.

२९ डिसेंबर, रविवार

भाऊजी आले. जीपमध्ये माझ्यासाठी कांद्याचं पोतं. आईला इतके दिवस सांभाळलं म्हणून.

"आई, चल. गाठोडं कुठंय?"

"सुटलंय."

"मग बांध की."

"तूच बांध."

भाऊजी चिडले. "आगं, फोन करायला लावून तूच बोलावलंस ना? डिझेल काय फुकाट येतं व्हय?"

त्या ओट्यावरून हलल्या नाहीत. "कपाटात हाय. पयलं दार. जा, बांधून आण."

भाऊजी आत गेले. मी मागोमाग गेले. त्यांनी दार ओढलं आणि हात तसाच राहिला. भावाचा कोट, त्याला लागून घोंगडं. मग ते मागं सरकले, पायांतल्या चपला काढून दाराबाहेर ठेवून आले आणि परत उभे राहिले. बाहेर आले तेव्हा डोळे पुसलेले होते.

"वहिनी, चहा टाका," म्हणाले. आणि आईला, "नव्या घरी कवा येणार मग?"

"वास्तुकाला येईन. जेवून माघारी."

"आन् खोली? तुझ्यासाठी केलीय की."

"आडगळ भर तिच्यात. तुझ्या बायकोची लई हाय."

मी चहात साखर दोनदा घातली. सगळ्यांनी तो तसाच प्यायला.

"आता कांदं तरी उतरव," आत्याबाई म्हणाल्या.

३ जानेवारी २००३

पोतं ठेवायला कुठंच जागा नव्हती. स्वयंपाकघरात ओल, ओट्यावर कुत्री. शेवटी आत्याबाईंनी बोगद्याचा कप्पा ओढला आणि त्यात कांदे पसरले. थर पातळ, एकावर एक नाही. काळोख, कोरडं, दाराच्या फटीतून थोडी हवा. लसूण माझ्या शिवलेल्या पिशव्यांत.

हौशीराम चाकाला तेल घालायला आला होता. त्यानं कप्पा ओढला आणि कपाळाला हात लावला. "बाई! सागवानी काम माझं! आन् त्यात कांदं?"

आत्याबाई आतून म्हणाल्या, "तुझी शटल रिकामी कशाला पळवायची? माल भरलाय."

तो त्यांच्याकडं बघून हसला, तेल घातलं आणि जाताना कांदे घेऊन गेला.

माझे गुडघे तसेच आहेत. आज परत दुपारभर झोपले. थकवा काही कपाट लावून जात नाही. पण उठले तेव्हा चुलीवर, म्हणजे गॅसवर, पिठलं शिजत होतं आणि आत्याबाई जमिनीवर पाय पसरून कांदा चिरत बसल्या होत्या. मी त्यांच्यापाशी बसले. वरून सारिकाच्या चपला धाडधाड खाली उतरल्या, पट्टी एव्हाना सुटली आहे.

आत्याबाईंनी मान वर केली नाही.